एल्डर सॅमचा शब्द

जगन्नाथ समुद्रे मिरजेहून मिशिगनला आले तेव्हा त्यांचं आडनाव कुणाच्या जिभेवर बसेना. हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात आधी त्यांचं 'सॅमुड्री' झालं, मग नुसतं 'सॅम', आणि पुढे चर्चने त्यांना एल्डर नेमलं तेव्हापासून सगळं वेस्ट हार्डिंग त्यांना 'एल्डर सॅम' म्हणू लागलं. वेस्ट हार्डिंग म्हणजे ॲन आर्बरहून गाडीने अर्ध्या तासावरचं लहानसं शहर. कारखाना कधीचा बंद पडलेला आणि अर्धीअधिक वस्ती काळ्या लोकांची.

पहिल्या हिवाळ्यात त्यांना राहायला खोली मिळेना. फोनवर खोली रिकामी असायची, आणि दारात जाऊन उभं राहिलं की ती नुकतीच गेलेली असायची. शेवटी विटांच्या एका जुन्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या लोकांनी त्यांना आसरा दिला. सगळी मंडळी काळी. मिरजेच्या मिशनच्या आवारात वाढलेल्या माणसाला तिथली उपासना परकी वाटली नाही, पण त्या लोकांचं दुसरं काम मात्र नवीन होतं. रविवारी उपासना सुटली की ही माणसं सोमवारी कुणासाठी तरी उभी राहायला जात. कुणाला घराबाहेर काढलेलं असे, कुणाच्या पोराला शाळेतून. जगन्नाथराव आधी त्यांच्या मागे उभे राहिले, मग शेजारी, आणि त्या पिढीतली माणसं एकेक करून देवाघरी गेल्यावर सगळ्यांत पुढे. मिरजेला एल्डरला 'वडील' म्हणत. पाळक उपदेश करतो, पण मंडळीचं बरंवाईट वडिलांनी बघायचं. जगन्नाथरावांनी तो शब्द फार शब्दशः घेतला, असं त्यांची बायको रत्ना म्हणायची. चर्चपुरतं न थांबता ते सगळ्या गावाचेच वडील होऊन बसले. नागरी हक्क समितीचे ते कित्येक वर्षं अध्यक्ष होते. पोलिसांनी गाडी अडवली की वेस्ट हार्डिंगची पोरं आधी आईला फोन करत आणि मग एल्डर सॅमना.

टेरेन्स हॉब्सने कुणालाच फोन केला नाही. तेवढा वेळच त्याला मिळाला नाही.

जानेवारीतली संध्याकाळ. टेरेन्स आजीच्या गाडीच्या टायरमध्ये हवा भरायला गॅस स्टेशनवर गेला होता. वय एकोणीस. तशाच रंगाची गाडी चोरीला गेल्याची वर्दी होती म्हणे. पोलीस आला, ओरडला, टेरेन्स वळला. हातात टायरची हवा मोजायची पेनासारखी पट्टी. पोलिसाने गोळ्या झाडल्या. त्याने हातातली चकाकती वस्तू रोखली, असं पोलीस खात्याने जाहीर केलं. गॅस स्टेशनच्या कॅमेऱ्यावर बर्फ साचलेलं, आणि पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्यात त्याची स्वतःचीच बाही तेवढी दिसत होती.

नोहाने तारवात डास कशाला घेतले, असं संडे स्कूलमध्ये जगन्नाथरावांना विचारणारा हा पोरगा. आईबाप नव्हते, आजी लोरेनने वाढवलेला. दफनाच्या दिवशी लोरेन रडली नाही. ती फक्त म्हणाली, "एल्डर सॅम, तिथे कुणीतरी असणार. गॅस स्टेशनवर नेहमीच कुणीतरी असतं."

त्या 'कुणीतरी'ला शोधण्यासाठी जगन्नाथराव आसपासच्या गावांत पत्रकं लावत हिंडू लागले. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, गुडघे दुखणारे, रस्त्यांवर बर्फ. ॲन आर्बरच्या इंडियन ग्रोसरीत पत्रक लावून ते बाहेर पडले, तेव्हा एक तरुण त्यांच्या मागोमाग पार्किंग लॉटमध्ये आला. हातात दुधाचा कॅन आणि मेथीची जुडी.

"काका, तुम्ही मराठी ना? आत फोनवर बोलताना ऐकलं."

"हो. मी समुद्रे. तू?"

"ईशान." आडनाव त्याने सांगितलं नाही. थंडीने मेथीची पानं काळपट पडायला लागली होती. "काका, त्या पत्रकात लिहिलंय ना... मी होतो तिथे."

जगन्नाथरावांनी गाडीचं दार उघडलं आणि त्याला आत बसवलं. हीटर लावला.

"मी पलीकडच्या पंपावर होतो," ईशान समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. "ती जी पट्टी म्हणतायत ती आधीच खाली पडली होती. बर्फात. त्याचे दोन्ही हात वर होते, काका. हातमोजे नव्हते, म्हणून मला तळवे दिसले. रिकामे. तो म्हणत होता, 'ओके, ओके, ओके.' आणि मग..."

"मग तू काय केलंस?"

"गाडी काढली आणि घरी गेलो." त्याने मेथीची जुडी मांडीवर ठेवली. "रुचाला, माझ्या बायकोला सांगितलं. ती प्रेग्नंट आहे. ती म्हणाली, आपण व्हिसावर आहोत, यात पडायचं नाही. यार, मी नागपूरहून इथे कोड लिहायला आलोय, मी हे कुठे..." त्याने वाक्य सोडून दिलं.

जगन्नाथरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माणसांच्या भीतीशी कसं बोलायचं हे त्यांना चाळीस वर्षांच्या सवयीने येत होतं. घाई करायची नाही, जवळ बसायचं. दुसऱ्या आठवड्यात ईशानने राज्याच्या तपास अधिकाऱ्यांकडे जबानी दिली. शेजारच्या खोलीत जगन्नाथराव बसून होते.

त्या जबानीचं पुढे काहीच झालं नाही. आठवडे गेले. वर्तमानपत्रात एक दिवस छापून आलं, की या घटनेला प्रत्यक्ष साक्षीदार मिळालेला नाही. लोरेनने ते कात्रण हातात धरून जगन्नाथरावांच्या दारात शेजारणीच्या गाडीतून उतरताना ठेच खाल्ली आणि पायरीवरच बसून राहिली. तिला उठवताना जगन्नाथरावांच्या मनाने घेतलं, की आता गप्प राहिलो तर हा पोरगा दुसऱ्यांदा मरणार. ईशानने उघडपणे, टीव्हीच्या कॅमेऱ्यांपुढे बोलायला हवं. त्याशिवाय हे प्रकरण दडपलं जाणार.

ते आणि रत्ना ईशानच्या अपार्टमेंटवर गेले. रुचाने दार उघडलं, चहा टाकला, पोहे केले. पाहुणचारात काही कमी पडू दिलं नाही. पण जगन्नाथरावांनी विषय काढताच तिने हातातली बशी टेबलावर ठेवली.

"जबानी दिलीय ना त्याने? आता टीव्हीवर कशाला, काका?"

"कारण ती जबानी कुणीतरी फाइलमध्ये दाबून ठेवलीय, बाळ. चेहरा दिसला की ती दाबता येणार नाही."

"चेहरा ईशानचा."

"हो."

"काका, तुम्ही सिटिझन आहात ना?"

"आहे."

"मग तुमचं धैर्य वेगळं आणि आमचं वेगळं." ती चढ्या आवाजात बोलत नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. "तुम्हाला पकडलं तर चर्च येईल, वकील येतील. त्याचा जॉब गेला तर दोन महिन्यांत आम्हाला देश सोडायचा. मला इथे काम करता येत नाही. चौथा महिना चाललाय मला."

ईशान खाली मान घालून बसला होता. तो म्हणाला, "मला झोप लागत नाही, रुचा."

"मला तरी लागते का?"

गॅसवर चहा उकळून वर आला, तो रत्नाने उठून बंद केला. आणि तेव्हा जगन्नाथरावांनी तो शब्द दिला. "रुचा, इतकी वर्षं मी हे काम करतोय. तुम्हाला काही होणार नाही. मी आहे ना."

रुचाने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती आत निघून गेली. ईशान म्हणाला, "कधी यायचं, काका?"

परतताना घराच्या वळणावर रत्नाने विचारलं, "कशाच्या जोरावर शब्द दिलात?"

"त्याला धीर द्यायला हवा होता."

"धीर देणं वेगळं. तुम्ही हमी दिलीत." रत्नाने तीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. बरं होण्याची हमी पेशंटला कधी देऊ नये, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. जगन्नाथरावांनी गाडी गॅरेजमध्ये घातली. त्यांच्या डोळ्यांपुढे पायरीवर बसलेली लोरेन होती.

मार्चमध्ये चर्चच्या पायऱ्यांवर कॅमेरे लागले. ईशानने इस्त्रीचा शर्ट घातला होता, वर जाड जॅकेट. लोरेन त्याच्यापेक्षा दोन पायऱ्या खाली उभी होती. ती वर चढली आणि त्याचा हात तिने आपल्या हातात घेतला. मग ईशान बोलला. रिकामे तळवे, बर्फात पडलेली पट्टी, 'ओके, ओके, ओके'. कुठेही आडपडदा न ठेवता बोलला. त्याचं बोलणं संपलं तेव्हा लोरेन पहिल्यांदा रडली. घटना घडली तेव्हापासून तिच्या नातवाचे शेवटचे शब्द तिला कुणी सांगितले नव्हते; जबानी गुप्त होती म्हणून जगन्नाथरावांनीही नाही.

त्या संध्याकाळी जगन्नाथरावांना वाटलं, आपण बरोबर केलं. पुढे फार दिवस त्यांना तसं वाटणार नव्हतं.

सहाएक आठवडे काही झालं नाही. कुणीतरी ईशानच्या गाडीवर थुंकलं, ऑनलाइन लोकांनी घाण लिहिलं, पण ते त्याने सोसलं. मग एप्रिलमध्ये त्याच्या कंपनीने माणसं कमी केली. शेकडो लोक काढले आणि त्यांत ईशान होता. मॅनेजरने त्याला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, की याचा परफॉर्मन्सशी संबंध नाही. टीव्हीशी आहे का, असं ईशानने विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी उत्तर मिळालं नसतं. त्याच्या टीममधल्या सातजणांपैकी तो एकटाच गेला होता. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, असं समितीच्या वकिलाने सांगितलं.

जगन्नाथराव हडबडून गेले. दोन महिन्यांच्या आत दुसरी नोकरी, तीही व्हिसा करून देणारी, मिळायला हवी होती. व्हिजिटर म्हणून आणखी काही महिने राहण्यासाठी अर्ज करता येईल, असं इमिग्रेशनचा वकील म्हणाला. पण मग पगार नाही, इन्शुरन्स नाही, आणि बाळंतपण तोंडावर. जगन्नाथरावांनी दिसेल त्याला फोन लावला. दूर पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला त्यांची मुलगी राधिका मोठ्या कंपनीत होती.

"बाबा, मी त्याचा रेझ्युमे तीनदा फॉरवर्ड केलाय," ती म्हणाली. "हायरिंग फ्रीझ आहे सगळीकडे. इथे माझीच टीम अर्धी झालीय."

"तू मॅनेजर आहेस ना?"

"आहे. म्हणून काय मी जागा निर्माण करू शकते?" मग आवाज मऊ करून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवताय का नीट? आई म्हणाली, तुम्ही सकाळपासून फोनवरच असता."

जेवण खरंच जात नव्हतं. ईशान रोज संध्याकाळी 'काही कळलं का, काका?' असा मेसेज करायचा. त्याला 'नाही' म्हणून कळवायचं, म्हणजे जगन्नाथराव अर्धा तास फोन हातात धरून बसत. पुढे पुढे ईशाननेच विचारणं सोडलं. ते जास्त वाईट होतं.

शेवटी ते डॉक्टर नरेंद्र पाटणकरांकडे गेले. पाटणकर हृदयरोगतज्ज्ञ, आता निवृत्त. मराठी मंडळात त्यांचा शब्द चाले, आणि त्यांच्या जावयाची सॉफ्टवेअर कंपनी होती. जगन्नाथराव मंडळात फारसे जात नसत. सुरुवातीला गेले होते. तिथे नाव सांगितलं की लोक आडनाव विचारत, आडनाव सांगितलं की गाव, गाव सांगितलं की 'म्हणजे तुम्ही मिशनवाले', आणि मग बोलणं हवापाण्यावर येई. ते जायचे थांबले, कुणी बोलवायलाही आलं नाही.

पाटणकरांनी स्वागत मात्र चांगलं केलं. काचेच्या खोलीत बसवलं, स्वतः चहा आणला.

"मुलगा हुशार आहे, यात शंकाच नाही," ते म्हणाले. "पण समुद्रे, हल्ली एच.आर.वाले आधी नाव टाकून सर्च करतात. पहिला फोटो काय येतो? चर्चच्या पायऱ्या."

"त्याने खरं सांगितलं, डॉक्टर."

"सांगितलं असेल. पण खरं सांगायला आपण या देशात आलो नाही. काम करायला आलो. मुलांना वर काढायला आलो." त्यांनी कप खाली ठेवला. "राग मानू नका. त्या लोकांची भांडणं फार जुनी आहेत. त्या कोवळ्या पोराला तिथे उभं कुणी केलं?"

"मी."

"मग?"

नगरपालिकेच्या सभेत मेयरला खाली बसवणारा माणूस त्या वेताच्या खुर्चीत अवघडून बसला होता. त्यांनी हात जोडले. आयुष्यात देवाखेरीज कुणापुढे त्यांनी असे हात जोडले नव्हते.

"डॉक्टर, इतक्या वर्षांत मी मंडळाकडे, तुमच्याकडे काही मागितलं नाही. आज मागतो. त्याची बायको गरोदर आहे. मला वाटेल ते बोला, पण त्याला एक नोकरी द्या."

पाटणकर खिडकीबाहेर बघत राहिले. "हात खाली घ्या, समुद्रे. बरं दिसत नाही ते." थोड्या वेळाने म्हणाले, "जावयाला विचारून बघतो."

'विचारून बघतो' म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. जगन्नाथरावांनी चहा संपवला आणि ते निघाले.

मे महिन्यात सरकारी वकिलाने निर्णय जाहीर केला. पोलिसावर खटला भरला जाणार नव्हता. अंधार होता, बर्फ पडत होतं, साक्षीदार पलीकडच्या पंपावर होता, त्याने घटनेनंतर लगेच पोलिसांना कळवलं नाही. त्याच्या सांगण्याला दुजोरा देणारं दुसरं काही नाही. निवेदनात ईशानचं नावसुद्धा नव्हतं. 'एक वाहनचालक' एवढाच त्याचा उल्लेख.

त्या रविवारी सामुदायिक प्रार्थना चालवायची पाळी जगन्नाथरावांची होती. ते पुढे गेले, व्यासपीठाची कड धरून उभे राहिले. लोरेन पहिल्या बाकावर बसली होती. मंडळीने डोळे मिटले. जगन्नाथरावांनी "हे प्रभो," म्हटलं आणि पुढे शब्दच फुटेना. आजाऱ्यांची नावं होती, निराधारांसाठी मागायचं होतं, सगळं पाठ होतं. पण मागायचं कुणाकडे आणि कोणत्या तोंडाने? आपण एका पोराला न्याय मिळवून द्यायला निघालो, तो मिळाला नाही, आणि दुसऱ्या पोराचं घर मोडलं. लोक डोळे मिटून थांबले होते. कुणीतरी खाकरलं. शेवटी पियानोवरच्या बाईने आपणहून एका गीताचे सूर धरले, लोक गाऊ लागले, आणि रत्नाने पुढे येऊन नवऱ्याला दंडाला धरून जागेवर नेलं.

ईशानने अपार्टमेंट सोडलं. फर्निचर विकलं, गाडी विकली. जूनमध्ये विमानतळावर त्यांना सोडायला जगन्नाथरावच गेले. 'उबर करतो' असं ईशान म्हणाला होता, पण त्यांनी ऐकलं नाही. रुचा मागे बसली होती. सातवा महिना. डेट्रॉइटच्या विमानतळापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. ईशान मात्र बोलत होता, नागपुरात आता फार उकडत असेल, आईने खोली रंगवून घेतलीय, असलं काहीबाही.

ट्रॉलीवर बॅगा चढवून झाल्यावर ईशान सवयीने नमस्काराला वाकला. जगन्नाथराव झटकन मागे सरले. "नको. माझ्या पाया पडू नकोस."

"काका, मला आता झोप लागते," ईशान म्हणाला. "तेवढं तरी." तो दुसरी ट्रॉली आणायला गेला आणि ते दोघेच उरले.

रुचा म्हणाली, "काका, एक विचारू? त्या दिवशी आमच्या घरी तुम्हाला माहीत होतं ना, की असं होऊ शकतं?"

खोटं बोलायची ती वेळ नव्हती. "हो," ते म्हणाले. "माहीत होतं."

"मग तसं सांगायचं. कदाचित आम्ही तरीही हो म्हटलं असतं. खरंच म्हटलं असतं. पण मग ते आम्ही म्हटलं असतं." तिचे डोळे भरून आले, पण तिने ते पुसले नाहीत. "तुम्ही ते आमच्याकडून काढून घेतलंत."

ईशान परत आला. काचेची दारं उघडली, ती दोघं आत गेली. जगन्नाथराव तिथेच उभे राहिले. गाडी हलवा म्हणून विमानतळाचा माणूस गाडीच्या टपावर थापा मारायला लागला तेव्हा कुठे ते भानावर आले.

दुसऱ्या दिवशी ते लोरेनच्या घरी गेले. तिच्या व्हरांड्यात टेरेन्सची सायकल अजून साखळीने बांधलेली होती. लोरेनने त्यांना आइस्ड टी दिला. जगन्नाथराव म्हणाले, "सिस्टर लोरेन, मी समितीचं अध्यक्षपद सोडतोय. एल्डरचं कामही. तुम्हाला आधी सांगावं म्हणून आलो."

"का?"

त्यांनी तिला सगळं सांगितलं. रुचाला दिलेला शब्द, पाटणकरांकडे जोडलेले हात, विमानतळावरचं बोलणं. "मी लोकांना पुढे उभं करतो आणि मार त्यांना बसतो. मला आता कुणाला काही सांगायचा अधिकार नाही. आणि खरं सांगू? माझ्यात काही उरलं नाही. प्रार्थनासुद्धा."

लोरेन ऐकत होती. तिचे डोळे मोतीबिंदूने धुरकट झाले होते, पण ते तिने त्यांच्यावरून हलवले नाहीत.

"तुम्ही त्या मुलीशी खोटं बोललात," ती म्हणाली. "ते वाईट केलंत. ते मी धुऊन काढू शकत नाही, आणि काढणारही नाही."

"नाही."

"पण राजीनाम्याचं म्हणाल तर, एल्डर, मला सांगा, टेरेन्सची आजी म्हणून माझी नेमणूक कुठल्या मंडळीने केली होती? मी कुणाकडे देऊ राजीनामा?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माझ्यातही काही उरलेलं नाही. सकाळी उठते तेव्हा पाय जमिनीवर का टेकवायचे ते कळत नाही. तुम्ही थकलात तर घरी जाऊन बसू शकता. मी माझ्या घरातच बसलेली आहे, आणि ते रिकामं आहे."

जगन्नाथरावांनी तोंड ओंजळीत झाकून घेतलं. ते रडत होते की नुसतेच बसले होते, ते लोरेनला नीट दिसलं नसावं. तिने त्यांच्या जवळ जाऊन समजूत काढली नाही. ती म्हणाली, "सरकारी वकिलाचं ऑफिस आहे ना, त्या काउंटीच्या इमारतीपुढे जाऊन उभं राहायचं मी ठरवलंय. दर मंगळवारी. या डोळ्यांनी मला आता गाडी चालवता येत नाही. तुम्ही अध्यक्ष असा नाहीतर नसा, मला नेता का, तेवढं बोला."

"त्याने काय होईल?"

"काही नाही होणार बहुतेक. मी विचारलं, नेता का?"

"नेतो," जगन्नाथराव म्हणाले.

त्यांनी समितीचं अध्यक्षपद सोडलं. एल्डर म्हणून मात्र मंडळीने त्यांना मोकळं केलं नाही. प्रार्थना सध्या दुसरे म्हणतील, एवढं ठरलं. त्यांनी ईशानला दोनदा मेसेज पाठवला. दोन्ही वेळा वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. रुचाला त्यांनी एकच ओळ लिहिली, 'तू म्हणालीस ते खरं आहे.' त्यावर खूणही उमटली नाही.

मंगळवारी उन्हाचा कडाका होता. लोरेनने चर्चला जायची टोपी घातली होती आणि हातात टेरेन्सचा मोठा केलेला फोटो होता, हायस्कूलच्या पदवीदानाचा. इमारतीच्या पायऱ्यांपाशी ती दोघं उभी राहिली. माणसं आत जात होती, बाहेर येत होती. हॉस्पिटलातली एक जुनी ओळखीची बाई समोरून आली. तिने जगन्नाथरावांना पाहिलं आणि फोनमध्ये डोळे घातले. अर्ध्या तासाने एक सुरक्षारक्षक बाहेर आला. तरुण होता, ओशाळलेला होता.

"एल्डर सॅम, इथे पायऱ्यांवर परवानगी नाही. तिकडे फुटपाथवर उभं राहावं लागेल. मला सांगायला पाठवलंय."

एरवी जगन्नाथराव त्याच्याशी कायद्याची कलमं काढून वाद घालत बसले असते. आज त्यांनी लोरेनकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्यांनी तिचा दंड धरला आणि ती दोघं हळूहळू फुटपाथवर गेली. तिथे सावली नव्हती. जगन्नाथराव उन्हाच्या बाजूला उभे राहिले, म्हणजे त्यांच्या अंगाची थोडी तरी सावली तिच्यावर पडेल. मग जेवणाची सुट्टी झाली, इमारतीची दारं उघडली, आणि लोरेनने फोटो दोन्ही हातांनी वर धरला.